मारियुपोल: जिथे आम्ही पोलाद भरायला जायचो ते बंदर, आणि आता तिथे जायचं का हा प्रश्न

दर्यापार (धागा)

गुहागर-दापोली पट्ट्यातल्या माझ्या ओळखीच्या काही मुलांना सध्या एजंट लोक काळ्या समुद्रातल्या जुन्या जनरल कार्गो बोटींची कामं दाखवतायत. पगार बरा, कॉन्ट्रॅक्ट छोटं. बंदरांच्या यादीत मारियुपोलचं नाव असतं. मग मुलं मला फोन करतात, "काका, तुम्ही जायचात ना तिथे? कसं आहे?" प्रत्येकाला फोनवर तुटक सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो. मारियुपोल म्हणजे युक्रेनचं अझोव्ह समुद्रावरचं बंदर, रशियाने २०२२ च्या लढाईत घेतलेलं. नुसतं "जाऊ नका" म्हटलं की कुणाला पटत नाही. आणि त्या शहराबद्दल मला बोलायचंही आहे. बातम्यांमधून लोकांना फक्त त्याचे ढिगारे माहीत आहेत.

मी बोसन होतो, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. लढाईच्या आधी आम्ही मारियुपोलला पोलादाचे स्लॅब आणि कॉइल भरायला जायचो. काळ्या समुद्रातून केर्चच्या सामुद्रधुनीत शिरलं की पलीकडे अझोव्ह समुद्र. त्याची सगळ्यात खोल जागा जेमतेम १४ मीटर, हे आपल्या हर्णैच्या तांडेलाला सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही. त्यामुळे ड्राफ्ट, म्हणजे बोटीची पाण्याखालची खोली, आठ मीटरच्या आसपास आला की माल घेणं थांबवायचं. हिवाळ्यात हे पाणी गोठतं. मग आइसब्रेकर पुढे आणि बोटी मागे, एकामागोमाग एक. डेकवरच्या पाण्याच्या पायपा फुटू नयेत म्हणून रात्रभर धडपड, आणि विंचवरचा बर्फ लाकडी हातोड्यांनी झोडायचा.

रात्री जवळ आलो की बंदराचे दिवे दिसण्याआधी आकाशात तांबूस उजेड दिसायचा. अझोव्स्ताल कारखान्याची वितळलेली धातुमळी समुद्रकाठच्या ढिगावर ओतली जायची, त्याचा तो उजेड. शहरात पोलादाचे दोन अवाढव्य कारखाने, एक अझोव्स्ताल आणि दुसरा इलिच. अझोव्स्ताल एकटाच सुमारे ११ चौरस किलोमीटरवर पसरलेला, काल्मियुस नदी जिथे समुद्राला मिळते तिथे. १९३३ साली त्याची पहिली भट्टी पेटली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य दोन वर्षं त्या शहरात होतं, तेव्हाही कारखाना उद्ध्वस्त झाला होता आणि कामगारांनी तो परत उभा केला होता.

बंदरात स्लॅब भरताना हॅचच्या, म्हणजे मालखणाच्या तोंडाशी टॅलीला, म्हणजे माल मोजायला, एक बाई असायच्या. साठीच्या आतबाहेर, पायात जाड लोकरीचे बूट, हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद. प्रत्येक स्लॅबवर पांढऱ्या रंगाने हीट नंबर, म्हणजे तो ज्या ओतातून बनला त्याचा नंबर, घातलेला असतो. क्रेनने उचललेला स्लॅब खाली उतरेपर्यंत त्यांचं लिहून झालेलं असायचं. आमचा थर्ड ऑफिसर कॉम्प्युटरवर आकडे जुळवत बसायचा आणि शेवटी त्यांचाच आकडा बरोबर निघायचा. मालाखाली घालायची डनेजची लाकडं नीट बसली नाहीत की त्या खाली वाकून ओरडायच्या. वर्षानुवर्षं हेच काम केलेलं माणूस माल कसा बघतं, ते त्यांच्याकडे बघून कळायचं. एकदा त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून सुकवलेले बिचोक दिले. अझोव्हचा हा बोटभर लांबीचा मासा, आपल्या सुक्या बोंबलाइतकाच तिथल्या माणसांच्या जिवाभावाचा.

शोअर पास मिळाला की मिनीबसने गावात. हवेला गंधकाचा वास, खिडक्यांच्या कठड्यांवर तांबडी धूळ. या हवेविरुद्ध २०१२ मध्ये तिथल्या लोकांनी रस्त्यावर उतरून मोर्चे काढले होते. किनाऱ्याला लागून रेल्वेचे रूळ, रूळ ओलांडले की पुळण. उन्हाळ्यात मुलं गुडघाभर पाण्यात, आणि मागे धुरांडी. शहराच्या मध्यभागी नाट्यगृह होतं, १९६० साली बांधलेलं, खांबांचं, चहूबाजूंनी चौक. आम्ही तिथल्या बाकांवर बसून घरी फोन लावायचो. शहर वसवलं क्रिमियातून आलेल्या ग्रीक लोकांनी, १७८० च्या सुमारास. त्यांची गावं अजून आसपास होती.

लढाई २०२२ ला अचानक आली असं नव्हतं. २४ जानेवारी २०१५ ला शहराच्या पूर्वेकडच्या वस्तीवर रॉकेटं पडून तीसेक माणसं गेली होती. २०१८ मध्ये रशियाने केर्चवर पूल बांधला. त्याच्या कमानीमुळे ३३ मीटरपेक्षा उंच बोटी आत येणंच बंद झालं, आणि ज्या येत त्यांना तपासणीच्या नावाखाली अँकरेजवर ताटकळत ठेवायचे. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला तिथे युक्रेनच्या नौदलाच्या तीन बोटी रशियाने पकडल्या. बंदराचा गळा लढाईआधीच आवळायला घेतला होता. बंदरातली माणसं हे आमच्याशी मोकळेपणाने बोलायची.

२४ फेब्रुवारी २०२२ ला अझोव्स्तालच्या भट्ट्या थांबवल्या. पोलादाची भट्टी बटण दाबून बंद होत नाही. आतला रस गोठला तर ती कायमची गेली, म्हणून कामगारांनी गोळीबारातही ती रीतसर निजवली. ९ मार्चला प्रसूतिगृहावर बॉम्ब. १६ मार्चला त्या नाट्यगृहावर. आत शेकडो लोक आसऱ्याला होते, बाहेर दोन्ही बाजूंना जमिनीवर, विमानातून वाचता येतील एवढ्या मोठ्या रशियन अक्षरांत, आत लहान मुलं आहेत असं लिहिलेलं होतं. कारखान्याखालच्या भुयारांत सैनिक आणि नागरिक मे महिन्यापर्यंत तगले. २० मेपर्यंत शेवटचे सैनिक बाहेर आले. सव्वाचार लाखांच्या वर वस्ती असलेलं ते शहर. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेने आणि त्यांच्या सोबतच्या संस्थांनी कबरी मोजून अंदाज काढला: पहिल्या वर्षात एरवी मेली असती त्यापेक्षा किमान ८,०३४ माणसं जास्त मेली. त्यांनी तपासलेल्या मध्यवर्ती भागातल्या ४७७ उंच इमारतींपैकी ९३ टक्के इमारतींना मार बसलेला. युक्रेनचे अधिकारी मृतांचा आकडा याच्या कितीतरी पट सांगतात.

त्या टॅलीच्या बाईंचं काय झालं, मला माहीत नाही. त्यांचं नावही आम्ही कधी विचारलं नव्हतं, आम्ही त्यांना 'मामा' म्हणायचो, तिकडे आईला तसंच म्हणतात.

आता त्याच बंदरातून माल निघतोय. तो माल भरायला जायचं का, हा प्रश्न आहे. माझं उत्तर नाही असं आहे. पण तुमचं म्हणणं ऐकायचंय.

---

वेलदूरचा

काका, मला तुमचा मुद्दा कळतो, पण आमची बाजूही लिहितो. माझे दोन कॉन्ट्रॅक्ट झालेत, त्यानंतर आठ महिने घरी बसलोय. वडिलांची होडी आता पूर्वीसारखी कमवत नाही, एलईडी आणि पर्ससीनवाल्यांनी किनारा धुऊन नेलाय. बहिणीचं लग्न आहे. आम्ही लढाई केली नाही, आम्ही कुणाचे सैनिक नाही. धान्य असो की लोखंड, बोटीवर चढवायचं आणि उतरवायचं. आम्ही नाही गेलो तर दुसऱ्या देशाची मुलं जातील. मग आपणच का मागे राहायचं?

---

दर्यापार

वेलदूरच्या, तुझी अडचण खरी आहे आणि तू ती सरळ मांडलीस हे बरं केलंस. तू वाईट विचार करतोयस असं मी म्हणत नाही. आधी व्यवहाराचं सांगतो, मनाचं नंतर.

एप्रिल २०२२ च्या शेवटी युक्रेनने मारियुपोल, बेर्द्यान्स्क, स्कादोव्स्क आणि खेरसोन ही बंदरं अधिकृतपणे बंद केली. त्यांच्या कायद्याने तिथे बोट लावणं गुन्हा आहे. बोट उद्या दुसऱ्या एखाद्या देशाच्या बंदरात गेली आणि अडकली, तर मालक हात झटकतो आणि क्रू बोटीवर अडकून पडतो. अशा फेऱ्या करणाऱ्या बऱ्याच बोटी एआयएस बंद करून चालतात. एआयएस बंद म्हणजे तुझी बोट कुठे आहे हे तुझ्या घरच्यांनाही दिसणार नाही आणि मदतीला येणाऱ्यालाही. विमा कंपन्यांनी हा सगळा भाग युद्धजोखमीच्या यादीत घातलाय. जुन्या बोटीच्या मालकाने खरंच तो विमा भरलाय का, हे तुला कोण दाखवणार? सुरुंग अजून पाण्यात आहेत. बोट सुरुंगाला धडकली, हात गेला, तर भरपाई कुणाकडे मागायची?

आता मनाचं. त्या बंदरातून निघणारं धान्य, लोखंड कुणाच्या शेतातलं, कुणाच्या कारखान्यातलं, यावरच वाद आहे. ज्यांचं होतं त्यांतली कितीतरी माणसं आज त्या गावात नाहीत. आपण खलाशी माल विचारून भरत नाही हे खरं. पण विचारायची वेळ कधी येतच नाही, असंही नाही.

---

दाभोळखाडी

दर्यापार, लेख वाचून दाभोळची आठवण येणं अपरिहार्य होतं, कारण मी रोज धोपाव्याची फेरीबोट पकडतो आणि रोज त्या धक्क्यावर उभा राहतो.

आज दाभोळ म्हटलं की लोकांना पलीकडचा अंजनवेलचा वीज प्रकल्प आठवतो. पण बहमनी आणि मग आदिलशाहीच्या काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. एडन, होर्मुझकडून घोडे इथे उतरत, इथून कापड जाई. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा आरमार घेऊन वाशिष्ठीत शिरला. त्याच्या मुलाला चौलच्या लढाईत त्याच वर्षी मरण आलं होतं आणि तो दीवकडे सूड घ्यायला निघाला होता. वाटेत दाभोळ लागलं. गाव लुटलं, जाळलं, बायकामुलांनाही सोडलं नाही. पोर्तुगीजांच्याच बखरकारांनी हे लिहून ठेवलंय. त्यानंतरही पोर्तुगीज परत परत आले.

माझा मुद्दा असा: त्यानंतर गाव परत वसलं, व्यापार परत आला, खाडीकाठची शाही मशीद तर त्यानंतर दीडशे वर्षांनी बांधलेली, पण १५०८ ला जे मेले त्यांच्यातल्या एकाचंही नाव दाभोळात कुणाला सांगता येत नाही. हल्लेखोराचं नाव, हुद्दा, तारीख सगळं आहे. म्हणून त्या टॅलीच्या बाईंबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला महत्त्वाचं वाटतं. आठवणारी माणसं जिवंत आहेत तोवर लिहून ठेवायला हवं. अजून आठवेल ते लिहा, ही विनंती.

---

परशुरामघाट

मी चिपळूणची. युक्रेनच्या मिकोलाइवला मेडिकलला होते, ऑपरेशन गंगामध्ये परत आले. मिकोलाइवही बंदराचं आणि कारखान्यांचं शहर, पण बग नदीवरचं. मारियुपोलसारखं पडलं नाही, तरी खूप सोसलं. मार्च २०२२ मध्ये तिथल्या बंदरात ७५ भारतीय खलाशी अडकले होते. आमच्या ग्रुपवर त्यांचे मेसेज फिरत होते, त्यांच्यात आपल्या रत्नागिरीकडची मुलं आहेत का म्हणून माझी आई रोज विचारायची.

दोन गोष्टी सांगते ज्या इथे फारशा कुणाला माहीत नाहीत. पहिली: एप्रिल २०२२ मध्ये नीपर नदीवरून येणारी पाइपलाइन फुटली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ शहराच्या नळाला पिण्याचं पाणी नव्हतं. नळाला यायचं ते खारट, पिवळट. माझी घरमालकीण, तिला आम्ही बाबुश्का म्हणायचो, रोज सहा लिटरचे दोन कॅन घेऊन चौकातल्या टाकीपाशी रांगेत उभी असायची. व्हिडिओ कॉलवर ती मला तिची भांडी दाखवायची, किटलीच्या आत मिठाचा पांढरा थर. आठवड्यात वॉशिंग मशीन बिघडलं म्हणायची, पाइप गंजले म्हणायची. ७४ वर्षांची बाई. बॉम्बचं ती क्वचित बोलायची, पाण्याचं रोज.

दुसरी: आपली आयएनएस विक्रमादित्य, जी कारवारला असते, तिचा सांगाडा मिकोलाइवच्या गोदीत बांधलेला आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या दिल्ली आणि कोलकाता वर्गाच्या विनाशिकांची गॅस टर्बाइनंही मिकोलाइवच्या झोर्या कारखान्याची. माझगाव डॉकमध्ये कोकणातली किती माणसं कामाला आहेत, ते तुम्हाला सांगायला नको. ते शहर आपल्याला वाटतं तेवढं लांब नाही.

---

सुरमई

परशुरामघाट ताई, पाण्याचं वाचून कसंतरी झालं. मार्च २०२२ मध्ये सूर्यफुलाचं तेल एकदम महागलं, तेव्हा दुकानात सगळे "युक्रेनमुळे" म्हणत होते. आपल्याकडे येणारं बहुतेक सूर्यफूल तेल तिथूनच यायचं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

---

फुरूसचे चाचा

मुलांनो, मी इंजिन रूमचा माणूस, आता घरीच असतो. मारियुपोल पाहिलं नाही. खुर्रमशहर पाहिलंय, इराणमधलं, कारून नदी जिथे शत्त-अल-अरबला मिळते तिथलं. सप्टेंबर १९८० मध्ये इराकने हल्ला केला, महिनाभर घरोघर लढाई झाली, मग शहर पडलं, आणि २४ मे १९८२ ला इराणने परत घेतलं. बंदर मात्र पूर्ण लढाईभर, १९८८ पर्यंत बंदच राहिलं. नदीत अडकलेल्या परदेशी बोटी तिथेच सडल्या, बुडाल्या.

आम्ही गेलो ते लढाई संपल्यावर बऱ्याच वर्षांनी. पायलट बोट नेताना पात्रातल्या बुडालेल्या बोटींच्या जागा हाताने दाखवत होता. दोन्ही काठांना खजुरीची झाडं, पण शेंडे उडालेली. नुसते खांब उभे, मैलच्या मैल. खजुरीचा शेंडा गेला की झाड मेलं, नारळासारखंच, हे आपल्या माणसाला सांगावं लागत नाही. क्रूमधला कुणी काही बोलला नाही.

तिथल्या क्रेन ऑपरेटरने मला त्याच्या घरी नेलं. भिंतींवर गोळ्यांची भोकं तशीच ठेवलेली. मी विचारलं, बुजवली का नाहीत? म्हणाला, माझा भाऊ या भिंतीला टेकून बसला होता. मग चहा दिला. शेजारच्या अबादानमध्ये आपल्या हिंदुस्थानी आणि बर्माच्या कामगारांनी शंभर वर्षांपूर्वी बांधलेली रंगूनी मशीद आहे. अबादानची तेल रिफायनरी १९१२ पासूनची, मुंबईहून माणसं भरून न्यायचे तिथे. तिथल्या बाजारात समोसा मिळतो, त्याला ते संबूसे म्हणतात.

वेलदूरच्या पोरा, तुला एक सांगतो. मी खुर्रमशहरला गेलो तेव्हा तिथली माणसं परत आली होती. बंदर त्यांचं होतं, पायलट त्यांचा, क्रेनवाला त्यांचा, मला घरी नेणारा त्यांचा. मारियुपोलला आज तू गेलास तर तुला घरी कोण नेणार, त्याचं घर होतं कुणाचं? हा फरक आहे. पगाराचं माझ्या काळातही असंच होतं, नाही म्हणत नाही.

---

वेलदूरचा

चाचा, याला माझ्याकडे उत्तर नाही. एजंटकडे उद्या जातो आणि बंदरांची नावं लिहून मागतो. दर्यापार काका, अजून काय विचारू?

---

कातळावरची 

मला विचारायचंय की पर्यटक म्हणून जाणाऱ्यांचं काय? रशियातून मारियुपोलला सहली जातात, व्हिडिओ दिसतात. नवे रंगवलेले ब्लॉक, फुलांचे वाफे. काही जण म्हणतात, बघा, सगळं सुधारलं. मला ते बघवत नाही, पण बघूच नये असंही वाटत नाही. दर्यापार काका, तुम्ही तिथे गेलेले आहात म्हणून विचारते.

---

दर्यापार

कातळावरची ताई, ते व्हिडिओ मीही बघतो. मी त्यात ओळखीच्या जागा शोधतो. नाट्यगृहाचे अवशेष डिसेंबर २०२२ मध्ये मोठमोठे पडदे लावून त्यांच्याआड पाडले. आत नेमकी किती माणसं गेली हे नीट मोजायची शेवटची संधीही त्याबरोबर गेली. जिथे नवे ब्लॉक दिसतात तिथे आधी दुसऱ्यांची घरं होती. त्यातले कितीतरी मालक परदेशात किंवा युक्रेनच्या दुसऱ्या भागात आहेत आणि हक्क सांगायचा तर रशियाचे कागद घेऊन या असं त्यांना सांगितलं जातं. अशा वेळी फिरायला जाऊन रंगाची तारीफ करणं मला जमणार नाही. ओडेसाला मात्र लोकांनी शांतता झाल्यावर जरूर जावं, तिथलं बंदर मार खाऊनही चालू आहे आणि माणसं आपल्याच घरात आहेत. चाचांनी लिहिलं तसं, भिंतीवरचं भोक दाखवायला त्या भिंतीचा मालक हवा.

दाभोळखाडी, तुमच्या सांगण्यावरून आठवेल ते लिहून काढतोय. बर्थवरचा मुकादम, मिनीबसचा ड्रायव्हर, सीमेन्स क्लबमधली कॅरम न खेळता येणारी पोरं. वेगळा धागा काढतो.

वेलदूरच्या, एजंटला हे विचार:

आधी आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा नंबर, आणि तो डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साइटवर स्वतः तपास. नंबर दुसऱ्याच कंपनीचा निघाला तर तिथूनच माघारी फिर. बोटीचं नाव आणि आयएमओ नंबर घे, म्हणजे ती गेल्या वर्षभरात कुठे कुठे होती आणि एआयएस कधी गायब झाला ते बघता येईल, मी बघून देतो. बंदरांची यादी करारात लिहून हवी, "ब्लॅक सी रेंज" असं मोघम नको. बोट आयबीएफच्या, म्हणजे बोटमालक आणि खलाशी युनियन यांच्यातल्या आंतरराष्ट्रीय करारातली असेल तर युद्धक्षेत्रात जायला नकार द्यायचा हक्क तुला आहे, कंपनीच्या खर्चाने घरी पाठवावं लागतं, आणि गेलास तर तेवढ्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट. करारातली नसेल तर यातलं काहीच गृहीत धरू नकोस. पासपोर्ट आणि सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) यांच्या रंगीत प्रती बहिणीकडे ठेव. "साइन ऑन इस्तंबूलला, पुढचं तिथे कळेल" असं म्हणाला तर पैसे देऊ नकोस, आधी दिले असतील तर पावती माग आणि मला फोन कर. मुंबईत नुसी या खलाशांच्या युनियनच्या ऑफिसात माझ्या ओळखीचे लोक आहेत, सोमवारी सकाळी आपण दोघं जाऊ. गुजरात-गल्फ फेरीवर एका बोटीला ओएस (साधा डेक खलाशी) हवाय असं कालच कळलंय, पगार कमी आहे, पण बंदरांची नावं सगळी लिहून दिलेली आहेत.